न शिवलेला हत्ती

सांगवीच्या मैदानावर पवनाथडी जत्रा भरली होती. बचतगटांच्या बायकांचे ओळीनं गाळे, पुढून मासवडीचा वास, मागून स्पीकरचा गजर. माझ्या भाचीच्या टेबलावर ना मासवडी होती, ना लोणची. तिथं अकरा हत्ती बसले होते. मुठीत मावतील एवढे, करड्या नि गुलाबी लोकरीचे. एका आजींनी त्यातला एक उचलला, कान चिमटीत धरला आणि विचारलं, "हा शिवलाय का गं?"

"नाही आजी, नो-सो आहे."

"नोसो? म्हंजे जपानी का?"

भाची हसली. मी हसलो नाही, कारण आजींचा देश बरोबर होता, फक्त शब्द दुसराच होता. त्याकडे येतोच.

रात्री सामान आवरताना भाचीनं मला पेचात टाकलं. "मामा, तुम्ही शब्दांवर लिहिता ना? मग नो-सोला मराठीत काय म्हणायचं ते सांगा. उद्या पाटीवर लिहिते." माझ्या उमेदीची वर्षं भोसरीच्या एका टूलरूममध्ये मायक्रोमीटर धरण्यात गेली. तिथली सवय अशी की कुणी काही बनवायला सांगितलं, की आधी ड्रॉइंग मागायचं. शब्दाचंही तसंच. "आधी तो हत्ती कसा होतो ते दाखव," मी म्हणालो. मोशीच्या तिच्या घरी रात्री बारापर्यंत आम्ही तेच करत बसलो. जावई चाकणला सेकंड शिफ्टला होता, त्यामुळे दिवाणखाना आमचाच होता.

(जत्रेच्या नावाबद्दल दोन शब्द इथंच उरकतो. थडी म्हणजे नदीचा काठ. पवनेची ती पवनाथडी, भीमेची ती भीमथडी. मराठ्यांची भीमथडी तट्टं प्रसिद्ध होती ती याच काठची. ऐलथडी-पैलथडी आता कवितेतच उरली असती, पण या जत्रांनी तो शब्द पुन्हा फ्लेक्सवर आणला. पालिकेच्या हातून भाषेची झालेली ही सेवा बहुधा तिच्या अहवालात नसेल.)

हत्तीची सुरुवात सोंडेच्या टोकापासून होते. दोऱ्याचं एक वेटोळं, त्यात सहा मुके खांब. वेटोळं ओढून घट्ट केलं की टोक बंद. मग गोल गोल, फेरी न तोडता, गोगलगाईच्या शंखासारखं वर चढत जायचं. टाके वाढवले नाहीत तर नळी होते, ती सोंड. वाढवायला लागलं की नळी फुगते, ते डोकं. घटवलं की मान, पुन्हा वाढवलं की पोट. कान आणि पाय आधीच छोटे छोटे करून ठेवलेले असतात. डोक्याची ठरावीक फेरी आली की कान जवळ धरायचा, क्रोशाची आकडी दोन्हींतून एकदम घालायची आणि मुका खांब घालून पुढं जायचं. कान त्या फेरीतच अडकतो. जुन्या पद्धतीत सगळे अवयव वेगळे विणून, कापूस भरून, शेवटी मोठ्या सुईनं अंगाला शिवतात. भाचीच्या मते खेळणी करणाऱ्या निम्म्या बायका तिथंच हात टेकतात. डोकं वाकडं बसतं, एक कान वर एक खाली होतो, आणि पोरानं ओढला की सगळ्यात आधी तोच निघतो.

यातला मुका खांब कुठून आला? क्रोशाच्या कामात आपल्या बायकांनी जी परिभाषा घडवली, ती एखाद्या गवंड्यानं घडवावी तशी आहे: साखळी, खांब, अर्धा खांब, जाळी, कमान. साखळी संस्कृतातल्या शृंखलेची, खांब स्कंभाचा. इंग्रजी नमुने सिंगल, डबल, ट्रेबल म्हणत दोऱ्याचे वेढे मोजत बसतात. मराठी बाईनं वेढे मोजले नाहीत, काय उभं राहिलं ते पाहिलं. ज्याला नमुन्यात सिंगल क्रोशे म्हणतात, त्याला माझी भाची, तिची सासू आणि त्यांच्या गटातल्या बायका मुका खांब म्हणतात. मुका का? माझा अंदाज असा की उंच खांबांच्या मधून उजेड दिसतो, नक्षी बोलते. मुक्या खांबांच्या दाट विणीतून काहीच दिसत नाही. खेळण्याला तेच हवं असतं, नाहीतर आतला कापूस डोकावतो.

आता खुद्द क्रोशे. फ्रेंचमध्ये क्रोशे म्हणजे छोटा आकडा, हूक. मोठ्या आकड्याला क्रोक, त्याचं लहानगं रूप क्रोशे. मूळ उत्तरेकडच्या नॉर्स भाषेत, वाकड्या वस्तूला क्रोकर म्हणत. इंग्रजीतला क्रुकेड म्हणजे वाकडा, तो त्याच कुळातला. फ्रेंच माणूस चौकोनी कंसालाही क्रोशे म्हणतो आणि मुष्टियुद्धातल्या वळवून मारलेल्या ठोशालाही. या कामाला क्रोशे असं नाव देऊन छापलेला पहिला ज्ञात नमुना १८२३ सालचा, पेनेलोपे नावाच्या डच मासिकातला. त्याआधी युरोपात कापड चौकटीवर ताणून त्यावर आकडीनं साखळी टाका घालायची रीत होती, आणि ती १८व्या शतकात पूर्वेकडून तिकडे गेली असं मानतात. आपल्याकडे कच्छचे मोची ज्या आरीनं भरतकाम करतात, ती याच जातीची. आरी हा शब्द तर वेदांइतका जुना. तिथं पूषन् देवाच्या हातात आरा आहे. चांभाराची आरी चामड्यातून निघाली, कापडावर आली, मग कापडच काढून टाकलं आणि उरला नुसता टाका, हवेतला. त्याला फ्रेंच नाव मिळालं आणि ते घेऊन तो आपल्याकडे परत आला.

क्रोशाचा आपल्या क्रोशाशी काही संबंध नाही, हे सांगून ठेवलेलं बरं. संस्कृत क्रोश म्हणजे ओरडणं. हाक जिथवर ऐकू जाते तेवढं अंतर तो क्रोश, म्हणजे आपला कोस. आक्रोशही त्यातलाच. पण सतराव्या फेरीला मोजणी चुकली हे अठराव्या फेरीला कळलं की भाचीच्या तोंडून जे निघतं, ते ऐकून ही व्युत्पत्ती खरी मानावीशी वाटते.

मला रात्रभर झोपू दिलं नाही ते मात्र दुसऱ्याच शब्दानं: आकडा.

आकडा म्हणजे हूक आणि आकडा म्हणजे संख्याही. दोन्ही अर्थ आपण रोज वापरतो आणि कधी एकमेकांशेजारी ठेवून बघत नाही. चिंचा पाडायची ती आकडी (आणि चिंचवडाचं नाव चिंच आणि वड यांवरूनच पडलं असं सांगतात, तेव्हा या गावाला ती लागलीच असणार). पैलवानाच्या मिशा आकडेबाज. विजेच्या तारेवर वायर अडकवून चोरी करतात तो आकडा. कागदावर लिहितात तो आकडा, आणि मटक्याच्या अड्ड्यावर लावतात तोही आकडा. अंग वाकडं होऊन झटका येतो ती आकडी. या सगळ्यांच्या मागं संस्कृत अंक उभा आहे. अंक म्हणजे वळण, बाक, आकडी. अंक म्हणजे खूण आणि मग संख्येची खूण. नाटकाचा भाग तो अंक. आणि बसलेल्या माणसाच्या मांडीशी जो बाक तयार होतो, जिथं मूल बसतं, ती मांडीही अंकच. हत्तीला टोचायचा अंकुश याच घरातला. ग्रीक-लॅटिनमार्गे इंग्रजीत गेलेला अँकर, म्हणजे जहाजाचा नांगर, हाही याचाच लांबचा भाऊ. आमच्या घरात आईच्या भरतकामाच्या डब्यात ज्या दोऱ्याच्या लडी असायच्या, त्यांच्यावर अँकर हेच नाव छापलेलं होतं. मूळ आकडा त्या डब्यात किती वर्षं पडून होता, कुणाच्या लक्षात आलं नाही.

आता भाचीकडे पाहा. तिच्याकडे दोनच गोष्टी असतात, हातात अडीच मिलिमीटरची आकडी आणि तोंडात आकडे. सहा, बारा, अठरा, चोवीस. बाकी साचा नाही, कापड नाही, कात्रीनं कापायचं काही नाही. हत्तीचा आकार कुठं असतो म्हणाल, तर त्या आकड्यांतच. दर फेरीला सहा टाके वाढवले तर चकती सपाट राहते. का? मुका खांब जेवढा रुंद तेवढाच साधारण उंच असतो. म्हणजे प्रत्येक फेरीला त्रिज्या एका टाक्यानं वाढते, आणि घेर वाढतो दोन पाय पट, ६.२८ टाके. जवळचा पूर्णांक सहा. सहापेक्षा कमी वाढवले की कडा आत वळतात, वाटी होते. जास्त वाढवले की झालर पडते. या झालरीचं सोनं केलं ते डायना ताइमिन्या या गणितज्ञ बाईंनी. १९९७ साली कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी टाके नेमानं जास्त वाढवत नेऊन अतिपरवलयी भूमितीचं पृष्ठ क्रोशावर विणलं. कागदाची मॉडेलं हातात फाटायची, हे टिकलं. माझ्या भाचीनं गणित दहावीला सोडलं असं ती सांगते. तिनं ते सोडलेलं नाही, हे मी तिला पटवायचा प्रयत्न केला, पण तेव्हा ती तेविसावा टाका मोजत होती.

फेरी कुठं सुरू झाली हे कळावं म्हणून ती टाक्यात वेगळ्या रंगाचा धागा अडकवून ठेवते. "हा आमचा पोका-योके," ती म्हणाली. हा शब्द जावयानं घरी आणलेला. पिंपरीत १९५४ साली पेनिसिलीनचा सरकारी कारखाना उभा राहिला, १९६२ला एमआयडीसी स्थापन झाली, टेल्को आली, बजाज आली, नगरपालिकेची १९८२ला महापालिका झाली. तेव्हा या पट्ट्यात आले ते इंग्रजी शब्द: शिफ्ट, जॉब, फिटर, ओव्हरटाइम. चाकणच्या पिढीनं त्यांत जपानी शब्दांची भर घातली. कायझेन, कानबान, गेम्बा, पोका-योके. खराबवाडीच्या चहाच्या टपरीवर दोन पोरं "गेम्ब्यावर जाऊन बघ ना लेका" म्हणतात, तेव्हा त्या जपानी शब्दाचं आपलं सामान्यरूप सहज झालेलं असतं. पोका म्हणजे चूक, योकेरु म्हणजे टाळणं. चूक होऊच नये अशी युक्ती ती पोका-योके. तेव्हा भाचीच्या हत्तीचं मूळ नाव जपानी असणं या गावात काही परकं नाही.

ते नाव अमिगुरुमी. विणलेल्या, भरलेल्या छोट्या खेळण्याला जगभर हेच म्हणतात. या शब्दाचं पोट उसवून पाहण्याजोगं आहे. जपानीत कापडाच्या भरलेल्या खेळण्याला आधीपासून नुइगुरुमी म्हणतात. नुइ म्हणजे शिवणं, कुरुमी म्हणजे गुंडाळणं, लपेटणं. शिवून लपेटलेलं ते नुइगुरुमी. मग विणलेली खेळणी आली, तेव्हा जपान्यांनी त्या शब्दातलं नुइ काढलं आणि त्या जागी अमि म्हणजे विणणं बसवलं. म्हणजे शिवण पहिल्यांदा सुटली ती खेळण्यातून नव्हे, शब्दातून. खेळणं मात्र पुढं कित्येक वर्षं हातपाय सुईनंच शिवून घेत राहिलं. नो-सोवाल्या बायकांनी नवं काही केलं असं मला वाटत नाही. नावात जे कबूल केलं होतं ते त्यांनी उशिरा पाळलं.

आणखी एक गंमत. कुरुमीचा जोडशब्दात गुरुमी झाला, क चा ग. जपानीत हे वारंवार होतं. आपल्याला यात नवल वाटू नये. दिक् आणि गज मिळून दिग्गज, वाक् आणि देवी मिळून वाग्देवी. दोन शब्द एकमेकांना भिडले की कडेचा वर्ण मऊ होतो, आणि सांधा कुठं आहे ते बोटाला लागत नाही. याला आपण संधी म्हणतो. संधी म्हणजे जोड. पण हा जोड सुईचा नव्हे. सुईचा जोड पाहायचा तर छोटी आडवी रेघ घातलेला नो-सो हा शब्दच पाहा, मधला टाका उघडा दिसतो. शिवण नाही असं सांगणारा शब्दच शिवलेला.

तर मराठी पाटीसाठी शब्द. सगळ्यात आधी सुचलं ते "न शिवलेला". सरळ आहे, खरं आहे. लेखाच्या मथळ्यावर चालेल. पाटीवर मात्र मी तो लिहू दिला नाही. कारण मराठीत शिवणे दोन आहेत. एक सुईचं: संस्कृत सिव्, त्यातून सूत्र, त्यातून शिवण, आणि उलट दिशेनं उत् लागून उसवणं. दुसरं स्पर्शाचं: प्राकृत छिवइ, त्यातून शिवणं. मोल्सवर्थनं १८३१च्या कोशात दोन्ही नोंदवलेत, घराणी वेगळी, उच्चार एक. पण बोलणाऱ्याच्या मनात शब्द कोशासारखे वेगळ्या नोंदींत राहत नाहीत. सोवळ्याचं पाहा. सोवळ्याचं वस्त्र न शिवलेलं हवं, म्हणजे सुई न लागलेलं. आणि सोवळ्यातल्या माणसाला शिवायचं नाही, म्हणजे हात लावायचा नाही. दोन्ही शिवणे त्या एका पाटावर येऊन बसली. त्यांतल्या दुसऱ्यानं शिवाशिव हा शब्द दिला, आणि त्या शब्दाखाली या प्रदेशात माणसांच्या पिढ्या भरडल्या गेल्या. १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकर ओंजळभर पाणी प्यायले, ते याच क्रियापदाविरुद्ध. पोरांनी चावायचं, ओढायचं, उशाशी घ्यायचं असं खेळणं, त्याच्यावर "न शिवलेला" लिहायचं? मला नको वाटलं. भाची म्हणाली, इतका विचार गिऱ्हाईक करत नाही. गिऱ्हाईक करत नाही, पण पाटी लिहिणाऱ्यानं करावा.

एवढ्यात जावई आला. डबा ठेवता ठेवता त्यानं प्रश्न ऐकला आणि उत्तर देऊन टाकलं, "सीमलेस." चाकणच्या बॉडीशॉपमध्ये तो रोबोंच्या रांगेवर असतो. तिथं एका गाडीच्या सांगाड्याला काही हजार स्पॉट वेल्ड पडतात. त्याच्यासाठी जगातली प्रत्येक वस्तू कुठं ना कुठं जोडलेली असते, आणि जोडलेली नसली तर ती सीमलेस. भोसरीत मीही हा शब्द आयुष्यभर ऐकला. सीमलेस पाइप म्हणजे पत्रा वळवून वेल्ड न केलेला, तापलेल्या भरीव कांबीला रोलरांमध्ये फिरवत भोक पाडून काढलेला. ही युक्ती जर्मनीतल्या मानेसमान बंधूंची, १८८५ची. पण सीम हा शब्द कुठला? इंग्रजीतल्या सो म्हणजे शिवणे याचाच तो नातलग, आणि तो सो आपल्या सिव्चा. म्हणजे सीमलेस पाइप म्हणजे बिनशिवणीचा पाइप. जावयानं नो-सो काढून पुन्हा नो-सोच हातात ठेवला. त्याला हे सांगितल्यावर तो जेवायला बसला.

मग बिनजोड. हा मला आवडला होता. बिनजोड पैलवान म्हणजे ज्याच्या तोडीचा दुसरा नाही. इथं दोन्ही अर्थ साधतात, जोड नसलेला आणि तोड नसलेला. पण तो खरा नाही. हत्तीला जोड आहेत. कान वेगळा केलाय, पाय वेगळा केलाय, फक्त ते विणता विणताच अडकवलेत. शिवण नाही म्हणजे सांधा नाही असं नव्हे. टूलरूममधल्या माणसानं ड्रॉइंगवर खोटं लिहू नये.

अखंड? त्यालाही तोच आक्षेप, आणि वर पाटीवर "अखंड हत्ती ३५० रुपये" असं वाचून कुणी अर्धा कितीला म्हणून विचारेल.

यानंतर जे शब्द सुचत गेले त्यांनी मला वेगळंच काही दाखवलं. एकसंध. आपण तो तुकडे नसलेल्या वस्तूला वापरतो, पण त्याच्या आत संध आहे, सांधा आहे. सलग. त्यात लग् आहे, लागलेलं, चिकटलेलं. म्हणजे मराठीला पूर्णपण सांगायचं झालं की ती न तुटलेलं म्हणण्यापेक्षा नीट जोडलेलं म्हणणं पसंत करते. सलगीही त्यातलीच. दोन माणसं इतकी जवळ की मधली फट दिसत नाही, ती सलगी. एकसंध हत्ती, सलग हत्ती. अर्थ चोख बसतो. पण एकसंध ऐकलं की भाषणातला देश डोळ्यांपुढं येतो, आणि सलग ऐकलं की सुट्ट्या.

एकटाकी सुचला तेव्हा मी खुर्चीत उठून बसलो. एकटाकी मजकूर म्हणजे एका बैठकीत, लेखणी न उचलता लिहिलेला. यातला टाक लेखणीचा, बोरूचा. आपल्या सुईच्या टाक्याशी त्याचा संबंध जोडायचा तर शब्दाला जरा ओढावं लागतं. पण कानाला काय छान लागतो! एका टाकानं लिहिलेला मजकूर, एका दोऱ्यानं टाक्यामागून टाका घालत गेलेला हत्ती. इथं आणखी एक टाका आठवला, सोनाराचा. दागिन्याचे दोन तुकडे डाग देऊन जोडतो तो टाका, आणि त्यासाठी लागणारा क्षार तो टाकणखार. आमच्याकडचे वेल्डर पूर्ण वेल्ड मारण्याआधी इकडं तिकडं ठिपके देऊन पत्रा धरून ठेवतात, त्याला टॅक मारणं म्हणतात. टॅक इंग्रजी, टाका मराठी, रक्ताचं नातं नाही. तरी एखादा म्हातारा वेल्डर टॅकला टाका म्हणाला तर मी त्याला कधी दुरुस्त केलं नाही.

भाचीला एकटाकी कळला नाही. "पाण्याची टाकी वाटते, मामा."

तोवर तिचा हत्ती शेवटच्या फेरीला आला होता. खाली सहा टाके उरले. कापूस कोंबून झाला. आता ती काय करते हे मी बारकाईनं पाहत होतो, कारण सुई इथं येणारच होती. आली. दोरा कापून तिनं सुईत घातला, सहाही टाक्यांमधून फिरवला आणि ओढला. भोक मिटलं. "हे शिवणं नाही का?" मी विचारलं. "नाही. हे ओवणं." तिनं पटकन सांगितलं, विचार न करता. मी गप्प झालो. मोशीहून आळंदी किती लांब, खिडकीतून इंद्रायणीकडचा वारा येतो. तिथं समाधी घेतलेल्या ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये जो ग्रंथ सांगितला तो सगळा ओव्यांत, आणि ओवी हा शब्द ओवणं यावरूनच आला असं मानतात. शिवणं दोन वस्तू एकमेकींना बांधतं. ओवणं एकाच दोऱ्यावर सगळ्यांना घेतं. हा फरक माझ्या लक्षात यायला साठी उलटावी लागली, भाचीला तो हातातूनच कळलेला.

ओवण्याच्या शेजारी विणणं. त्याचा मूळ धातू वे. आ आणि प्र हे उपसर्ग लागून त्याचीच ओत आणि प्रोत ही रूपं झाली, आडवं विणलेलं आणि उभं विणलेलं. बृहदारण्यकात गार्गी याज्ञवल्क्याला विचारत सुटते की हे सगळं कशात ओत आहे, कशात प्रोत आहे. आपण आता प्रेमानं ओतप्रोत म्हणतो आणि घागर ओतल्यासारखं चित्र डोळ्यांपुढं आणतो. तिथं घागर नाही, माग आहे. आणि वीण? वीण म्हणजे कापडाचा पोत, तशी वीण म्हणजे जनावरांची प्रसूतीही. पक्ष्यांचा विणीचा हंगाम आपण वर्तमानपत्रात वाचतो. ही दुसरी वीण वेगळ्या मुळाची, वि आणि जन् यांची, व्याली-वेत यांच्या घरची. पण दोन शिवण्यांनी जसं एकत्र येऊन वाईट केलं, तसं या दोन विणींनी चांगलं केलंय. दिवाळीच्या आधी आमच्या भाचीच्या घरी विणीचा हंगाम असतो. हत्ती, ससे, एक कासव. हत्ती हा शब्दही गमतीचा, हस्तिन्, हात असलेला. सोंड हाच त्याचा हात. आणि भाचीचा हत्ती जन्माला येतो तो सोंडेकडून, म्हणजे हाताकडूनच.

माझ्या मनात शेवटी एक शब्द बसला, एकजीव. त्याला कारण होतं. दोन सुयांच्या विणकामात सुईवर पन्नास टाके उघडे असतात. कुठलाही निसटला तर खालपर्यंत उभी ओळ पळते. इंग्रजीत अशा उघड्या टाक्याला जिवंत टाका म्हणतात. क्रोशात आकडीवर कुठल्याही क्षणी एकच टाका उघडा असतो. मागचे सगळे मिटलेले. एवढ्या मोठ्या हत्तीत जिवंत टाका एक. एकजीव यापेक्षा नेमकं काय म्हणणार? शिवाय चिंचवड हे मोरया गोसाव्यांचं गाव, पवनेकाठी त्यांची समाधी. ज्या देवाच्या मस्तकाची जोडणी आपल्या पुराणांत सगळ्यात गाजली, त्याच्या गावात जोड न दिसणाऱ्या हत्तीला एकजीव म्हणणं शोभलं असतं. मी हे सगळं भाचीला समजावून सांगितलं. बारा वाजले होते.

ती ऐकून घेऊन म्हणाली, "मामा, एकजीव बेसन होतं. भज्यांचं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सांगवीला पोचलो तर टेबलावर पुठ्ठ्याची पाटी होती. स्केचपेननं मोठ्या अक्षरांत तीन शब्द: कान ओढून बघा. पाटीशेजारी नमुन्याचा एक हत्ती दोरीनं टेबलाला बांधलेला. येणारी-जाणारी पोरं, त्यांचे बाप, कॉलेजची मुलं, दोन पोलीस, सगळ्यांनी ओढला. कालच्या आजीही आल्या आणि दोन घेऊन गेल्या. जत्रा संपली त्या रात्री नमुन्याच्या हत्तीचा डावा कान उजव्यापेक्षा बोटभर लांब झाला होता. सुटला नव्हता. तो आता भाचीच्या पोराकडे आहे.